तुपाचे थेंब व उंदरांचीं पावलें

आमच्या हिंगोलीच्या घरांतील एक नात प्राणिशास्त्र शिकते. परवां तिनें विचारलें, “आजोबा, उंदराच्या पावलांची हालचाल मोजणारा जो प्रोग्राम जगांत कोणासही फुकट मिळतो, तो करणाऱ्यांनीं आपली विद्या अशी वाटून कां टाकली असेल?” आमच्या लहानपणीं गांवांतील एका वैद्यबुवांनीं संग्रहणीची मात्रा मुलासही सांगितली नाहीं, ते गेले आणि मात्राहि गेली. आम्ही तिला हाफकिनची हकीकत सांगितली.

इ. स. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपात माजला, तेव्हां सरकारनें वाल्डेमार हाफकिन यांस तेथें पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं मांसाच्या काढ्यांत प्लेगचे जंतु वाढविले. काढ्यावर तुपाचे थेंब सोडले कीं त्यांस चिकटून जंतूंचे झुपके खालीं लोंबूं लागत. वाचक भगिनींनो, तुमच्या तुपाचा असाहि उपयोग झाला आहे! लस प्रथम सशांस टोंचली, नंतर १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस. त्याच वर्षीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत त्यांनीं तिच्याविषयीं लेख छापला. परळची संस्था १९२५ पासून त्यांचेंच नांव धारण करते.

पण १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं, व दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. कागदपत्र उघड झाल्यावर रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं ते तपासले. बाटली गांवांत उघडतांनाच दूषित झाली असावी, असें त्यांनीं दाखविलें. १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले. पांच वर्षें मात्र गेलीं.

नातीच्या प्रोग्रामाचें नांव डीपलॅबकट. अलेक्झांडर व मॅकेंझी मॅथिस आणि त्यांचे सहकारी यांनीं तो २०१८ सालीं प्रसिद्ध केला. चलच्चित्रांतील सुमारें २०० चित्रांवर नाक, कान, पंजा कोठें आहे हें माणसानें दाखविलें, कीं पुढील हजारों चित्रांतील पंजे संगणक आपण ओळखतो. उंदराच्या अंगावर खुणा चिकटवाव्या लागत नाहींत. शिवाय एकानें घेतलेलें चलच्चित्र दुसऱ्यानें त्याच साधनानें पुन्हां तपासलें, तर तितके उंदीर पुन्हां पिंजऱ्यांत घालावे लागत नाहींत. प्रोग्रामाची संहिता उघडी असल्यानें हिशेबांतील चूक जाणत्यास शोधतां येते. अर्थात् फुकट मिळालें म्हणून तें बिनचूक, असें नव्हे.

नात सध्यां घरच्या मांजराच्या चालीवर तो चालवून पाहत आहे. पहिल्या दिवशीं संगणकानें शेपटीसच पाय मानिलें. तेव्हां आणखी चित्रांवर खुणा करण्याचें काम तिनें आमच्याकडे दिलें आहे.