खोदादाद सर्कल : रस्ता खुला, दार बंद

दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला मुंबईचा जुना रहिवासी आजही ‘दादर टी. टी.’ म्हणतो. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदरहून निघाली ती याच नाक्यावर येऊन थांबली, त्यालाही आता साठ वर्षे उलटून गेली. ट्राम गेली, नाव मात्र राहिले. नाव राहणे आणि वस्तू राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा नाका तोच धडा देतो, आणि आपल्या समाजाने तो नीट शिकून घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

हा परिसर मुळात वसला कसा, ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीतील चाळींत माणसे पटापट मेली, तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रोगराईचे शहर मोकळे करावे, रुंद रस्ते काढावेत, हवेशीर घरे बांधावीत, हा तिचा हेतू. दादर-माटुंग्याची आखणी त्यातूनच झाली. रस्ते सर्वांसाठी रुंद झाले खरे. परंतु रस्त्यांच्या कडेला ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांची नावे काय? हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी! हवा सर्वांची, पण घर ज्याच्या त्याच्या धर्माचे आणि जातीचे, असा तो न्याय होता.

या पार्श्वभूमीवर ‘राजगृहा’चे मोल ओळखले पाहिजे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात डोके टेकायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत जात लपवून राहावे लागले, आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. त्याच पुरुषाने पुढे या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, हिंदू कॉलनीतच, ग्रंथांसाठी घर बांधले. ज्याला पथारी नाकारली त्याने ग्रंथालय उभारले. हा केवळ एका विद्वानाचा निवास नव्हता. वसाहतीच्या नावालाच दिलेले ते उत्तर होते.

७ डिसेंबर १९५६ रोजी याच राजगृहातून त्यांची अंत्ययात्रा निघाली आणि व्हिन्सेंट रस्त्याने परळमार्गे दादरच्या चौपाटीकडे गेली. लाखोंचा जनसमुदाय त्या दिवशी रस्त्यावर होता. चितेच्या साक्षीने भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखाहून अधिक लोकांना धम्मदीक्षा दिली. ज्या व्हिन्सेंट रस्त्याने ही यात्रा गेली, तोच आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे. परक्या साहेबाचे नाव पुसले गेले आणि आपल्या मुक्तिदात्याचे लागले, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

त्यानंतर नाका फार बदलला. ट्रामचे रूळ गेले, डोक्यावर उड्डाणपूल आला. नायगाव-परळच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या आणि त्यांच्या जागी उंच मनोरे उठले. चित्रा सिनेमा २०१९ साली बंद झाला. याच परिसरातील आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ रोजी पाडला गेला. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात नासधूस झाली. रस्त्यावर बाबासाहेबांचे नाव कोरलेले असताना त्यांच्या वास्तूंची ही गत झाली, हे विसरून चालणार नाही.

परंतु वास्तूंपेक्षाही मोठा प्रश्न माणसांचा आहे. ट्रामच्या बाकावर कोणीही कोणाशेजारी बसत असे. तोच अस्पृश्य कामगार गिरणीत गेला म्हणजे विणकामाचे खाते त्याला बंद असे, कारण तेथे सूत तोंडाने ओढावे लागे. रस्त्यावर समता आणि दाराआड विटाळ, ही शहराची जुनी रीत आहे. आज ती मोडली काय? मुंबईत घर पाहायला गेलेल्या बौद्ध तरुणाला भाड्याआधी आडनाव विचारले जाते. आडनाव ऐकल्यावर घर एकाएकी ‘दिले गेलेले’ असते!

आणि कायदा? राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते सर्वांना खुले केले. खाजगी घराच्या उंबरठ्यापाशी मात्र त्याचा हात थांबतो. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, संस्थेला आपले सभासदत्व एकाच समाजापुरते राखता येते, असा निर्णय दिला. म्हणजे ट्रस्टच्या काळातील वसाहतीची भिंत स्वतंत्र भारतातही शाबूत राहिली. ही भिंत लोकशाहीच्या मार्गाने पाडली पाहिजे. घर विकताना वा भाड्याने देताना जात-धर्म पाहणे हा गुन्हा ठरवणारा स्पष्ट कायदा विधिमंडळाने करावा, ही मागणी आपल्या प्रत्येक सभेच्या ठरावात आली पाहिजे.

बंधुभगिनींनो, मागणी करतानाच आपले कर्तव्यही ओळखा. आडनाव बदलून मिळवलेले घर हे घर नव्हे. ती बडोद्याचीच सराई होय. आपण बौद्ध आहोत हे उघड सांगा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. गृहनिर्माण संस्थेचे सभासद असाल तर वार्षिक सभेस जा, उपविधी वाचा, पक्षपाताचे कलम दिसल्यास उभे राहून विरोध करा. आणि ज्यांच्या स्वतःच्या मालकीची घरे झाली आहेत, त्यांनी भाडेकरूची पोटजात विचारण्याचे पाप करू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याच्या दारावर जातीची पाटी शोभत नाही.

रस्त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले, ते आपल्या वाडवडिलांच्या चळवळीने. त्या रस्त्यावरचे प्रत्येक दार माणसाला माणूस म्हणून उघडेल, तेव्हाच ते नाव सार्थ होईल. तोवर त्या पाटीकडे अभिमानाने जरूर पाहावे. पण समाधानाने पाहू नये.