गडाच्या आधी टेकडी

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. अकरा दुर्ग महाराष्ट्रातील, एक तामिळनाडूतील जिंजी. ज्या गडांची नावे ऐकत या मातीतील पिढ्या वाढल्या, त्यांचा जगाने सन्मान केला, याचा आनंद घरोघरी झाला. हा आनंद अनेकांना गडाच्या वाटेवर आणील, आणि ते योग्यच आहे. प्रश्न आहे तो या वाटेवर नव्याने पडणाऱ्या पावलांच्या तयारीचा.

पावसाळ्यातील एखाद्या रविवारी मळवली स्थानकावर उतरणारी गर्दी पाहावी. लोहगडाकडे निघालेल्या कित्येकांचा तो आयुष्यातील पहिलाच डोंगर असतो. पायात गुळगुळीत तळव्याच्या चपला, हातात भ्रमणध्वनी, पाठीवर पाण्याची बाटलीही नाही आणि कडेवर तीन वर्षांचे मूल. परत किती वाजता निघायचे, हे कुणी ठरविलेले नसते. वर पोहोचल्यावर धुक्यात विंचूकाट्याच्या टोकाशी छायाचित्रासाठी रेटारेटी होते. ज्यांना वर्षभरात घराचे दोन मजलेही पायी चढावे लागलेले नाहीत, त्यांनी पहिला दिवस म्हणून नेमका भर पावसाचा आणि भर गर्दीचा दिवस निवडावा, हा उफराटा क्रम आहे.

या उफराट्या क्रमाची किंमत लहान नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. दोन्ही दिवस रविवारच होते. या दुर्घटनांचे खापर मृतांच्या माथी फोडणे अमानुष ठरेल. पुलांची निगा आणि गर्दीचे नियमन ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती टाळता येणार नाही. परंतु सह्याद्रीचे पाणी कसे वागते, हे ज्ञान शासन कुणाच्या पायात घालू शकत नाही. खाली ऊन असते, तेव्हा वरच्या पठारावर मुसळधार कोसळत असते. घोट्याएवढा ओढा काही मिनिटांत कमरेएवढा होतो. पाण्याचा रंग गढूळ झाला, काटक्या-पाने वाहत येऊ लागली, की त्या क्षणी काठ गाठायचा असतो. ओढ्याकाठच्या गावातील शाळकरी पोराला हे ठाऊक असते. नगरातील सुशिक्षित कुटुंबाला ते ठाऊक नसते, कारण निसर्गाशी त्याची गाठ वर्षातून एकदाच पडते.

म्हणून आरंभ गडापासून नव्हे, घराजवळच्या टेकडीपासून व्हावा. पुणेकरांना पर्वती आहे. १०३ पायऱ्यांची ती चढण आजोबा आणि नातू एकत्र चढू शकतात. मग हनुमान टेकडी, तळजाई, वेताळ टेकडी. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे अरण्य शहराच्या कुशीतच आहे आणि त्यात कान्हेरीची लेणी. नाशिककरांना पांडवलेणी, नंतर मोगलांना कित्येक वर्षे दाद न देणारा रामशेज. सातारकरांच्या तर डोक्यावरच अजिंक्यतारा उभा आहे. नागपूरला सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीचा तलाव, पुढे रामटेकचा डोंगर. जिथे डोंगरच नाही, तिथे पाणवठा असतो. पैठणच्या नाथसागरावर किंवा उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी पाहण्यासाठी दुर्बिणीशिवाय काहीही लागत नाही. तीही नसली तरी बिघडत नाही.

टेकडीत पाहण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्याने एकच टेकडी वर्षभर, दर आठवड्याला चढून पाहावी. फाल्गुनात पळस आणि पांगारा पेटतो, ज्येष्ठात तापलेल्या मातीवर पहिले अंकुर उमटतात, भाद्रपदात सोनकी आणि तेरडा उतार व्यापतो, कार्तिकात गवत सोनेरी होते. टिटवीची अंडी उघड्या मुरमावर असतात, तिथून वळसा घालून जायचे असते, हे मुलाला पाठ्यपुस्तकात वाचून नव्हे, पालकाने हात धरून थांबविल्यावर कळते. एकदा पाहिलेली जागा छायाचित्रात राहते, बावन्न वेळा पाहिलेली जागा ओळखीची होते, आणि ओळखीच्या जागेतील बदल डोळ्यांना लगेच जाणवतो. ओढ्याचे पाणी गढूळ झालेले ओळखणारा डोळा इथेच तयार होतो.

शरीराचीही सिद्धता इथेच होते. प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत, मुलांनी रोज सरासरी तासभर, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ २०२२ मध्ये एवढेही श्रम करीत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते. त्याचे एक कारण प्रत्येक घराने स्वतःच्या स्वयंपाकघरात शोधावे. रविवारी बाप-लेक फिरायला जातात आणि त्यांचा डबा करून देणारी घरीच राहते. डब्यात गूळ-शेंगदाणे, केळी आणि आदल्या रात्रीच्या दशम्या असल्या, तर तीही सहाला घराबाहेर पडू शकते.

साहित्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. खाचदार तळव्याचे साधे बूट, अंगभर सुती कपडे, टोपी, माणशी दोन लिटर पाणी, शिटी आणि विजेरी एवढे पुरे. त्याहून महत्त्वाची असते ती शिस्त. कुठे जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे. ज्याची चाल सर्वांत मंद, त्याच्या गतीने सगळ्यांनी चालावे. शाखेच्या सहलींत ज्यांनी गट सांभाळला आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. ठरविलेली वेळ झाली, की शिखर शंभर पावलांवर असले तरी मागे फिरावे. वेळेचा अंदाज बांधण्याचे एक जुने गणित नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडले होते: पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढणीला आणखी एक तास. आतकरवाडीतून सिंहगडाची वाट अडीच-तीन किलोमीटरची आणि चढण सुमारे सहाशे मीटरची. म्हणजे दीड तास. नवख्याने त्यात निम्मी भर घालावी. ज्याला टेकडीवरचा आपला वेग ठाऊक आहे, त्यालाच हे गणित नीट मांडता येते.

नवख्यांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली उतरावे. पावसात ओळखीच्या टेकडीपलीकडे जाऊ नये. शेवाळलेला कातळ अनुभवी माणसालाही पाडतो. आग्या मोहोळ दिसले तर धूर, अत्तर आणि गोंगाट तिन्ही टाळावे. कर्नाळ्याच्या सुळक्यावरील पोळ्यांखाली तर कुजबुजत चालावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये; तो अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

अशी पाच-सहा महिन्यांची साधना झालेले कुटुंब जेव्हा गडावर जाते, तेव्हा ते वेगळ्या नजरेने जाते. गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर गड पायांखाली घातले, पण 'माचीवरला बुधा' लिहिताना त्यांना राजमाचीवर दिसला तो एक म्हातारा आणि त्याचे घर. गडाच्या पोटाशी माणसे राहतात, त्यांच्या विहिरीचे पाणी आपण पितो, याचे भान ज्याला आहे, तो तिथे बाटल्या फेकत नाही आणि ध्वनिवर्धक लावत नाही.

टेकड्याही काही कायमच्या हाती राहिलेल्या नाहीत. कुठे मुरमासाठी त्या पोखरल्या जातात, कुठे पायथ्यापासून घरे वर सरकत येतात. वेताळ टेकडीवरून नियोजित असलेल्या रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, त्यांत पहाटे तिथे फिरायला जाणाऱ्यांचा पुढाकार होता. दुसरीकडे, एकट्यादुकट्याला गाठून लुटण्याच्या घटनांमुळे अनेक घरांतील मुली आणि वृद्ध टेकडीकडे फिरकेनासे झाले आहेत. नगरपालिकांनी आणि वनखात्याने प्रत्येक शहरातील किमान एका टेकडीवर सकाळ-संध्याकाळ गस्त, पायथ्याशी पिण्याचे पाणी व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि वाटेच्या तोंडाशी अंतर, चढण व लागणारा वेळ सांगणारा फलक, एवढी सोय तरी केली पाहिजे. दुर्गांच्या पर्यटनासाठी निधीच्या घोषणा होत असताना ही मागणी फार मोठी नाही. ती प्रभागातील नगरसेवकाकडे लेखी करता येते, आणि वस्तीतील दहा कुटुंबांनी एकत्र येऊन केली तर तिच्याकडे दुर्लक्ष करणे त्यालाही कठीण जाईल.