घरांतील विजेच्या भाराचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरांत विजेचीं नवीं नवीं यंत्रें येत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. कडबाकुट्टीनें चारा वांचतो, घरगुती चक्कीनें गिरणीपर्यंतची खेप वांचते, विजेच्या बंबानें सरपणाची विवंचना सरते. यंत्र घेतांना आपण त्याची किंमत व हमी यांची कसून चौकशी करतों. परंतु तें चालविण्याची शक्ति आपल्या घरच्या जोडणींत आहे कीं नाहीं, ही चौकशी मात्र क्वचितच होते. बैलांची ताकद न पाहतां गाडी भरणाऱ्यास आपण अडाणी म्हणूं; तारेची ताकद न पाहतां तिच्यावर भार घालणाऱ्यास कोणी कांहीं म्हणत नाहीं.

हा हिशेब अवघड नाहीं. बहुतेक उपकरणांवर त्यांचे वॅट छापलेले असतात. मोटारीवर अश्वशक्ति दिलेली असते. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. परंतु हें मोटारीनें बाहेर दिलेलें काम होय. ती आंत ओढते त्याहून अधिक. म्हणून लहान मोटारीस दर अश्वशक्तीमागें सुमारें १,००० वॅट धरावे.

उदाहरणादाखल २ किलोवॅट मंजूर भाराचें एक घर घेऊं. दिवे व पंखे ३८०, फ्रीज २००, दूरचित्रवाणी १००, मिक्सर ५००, इस्तरी १,००० आणि बंब २,००० मिळून ४,१८० वॅट झाले. त्यांत २ अश्वशक्तीची कडबाकुट्टी व १ अश्वशक्तीची चक्की आली, म्हणजे आणखी ३,००० पडले. एकूण बेरीज ७,१८० झाली. सर्व यंत्रें एकदम चालत नाहींत, हें खरें. यास्तव दिवसांतील सर्वांत जड घटका शोधावी. ती बहुधा सकाळची असते. बंब, कडबाकुट्टी, मिक्सर, फ्रीज, दिवे व पंखे एकदम चालले तर ५,०८० वॅट होतात. यास २३० व्होल्टनीं भागिलें असतां २२ अँपियर प्रवाह येतो. मोटारीमुळें प्रत्यक्षांत त्याहून थोडा अधिकच. मंजूर भाराचा प्रवाह मात्र पुरता ९ अँपियरहि नाहीं. शिवाय मोटार सुरू होतांना क्षणभर नेहमीच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते, तें वेगळेंच.

“आजवर चाललें, पुढेंहि चालेल,” असें पुष्कळ जण म्हणतात. त्यांनीं एक नियम ध्यानांत घ्यावा. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखवून दिलें. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. वरील उदाहरणांत ती सहा पटींहून अधिक होते. तार मंजूर भारापुरतीच जाड असेल, तर तिच्यावरील वेष्टण हळूहळू कडक होऊन तडकतें, आणि हीच तार पुष्कळदां वैरणीच्या गंजीजवळून गेलेली असते. फ्यूज वारंवार उडूं लागला कीं कोणी तरी त्यांत जाड तार घालतो. हें म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्यास हांकलून देऊन चोराची वाट मोकळी करणें होय.

हानि एका घरापुरतीहि राहत नाहीं. गांवचें रोहित्र, ज्यास आपण डीपी म्हणतों, तें नोंदलेल्या भारावरून बसविलेलें असतें. अर्जाच्या व खेपांच्या कंटाळ्यानें प्रत्येकानें थोडा थोडा भार लपविला, तर ऐन पिकाच्या दिवसांत तें जळतें, आणि ज्यानें कांहीं लपविलें नाहीं त्याचाहि पंप बंद पडतो.

यावर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. कडबाकुट्टी दुपारीं चालविली, तर सकाळचा भार ५,०८० वरून ३,०८० वॅटवर उतरतो. तेवढाहि मंजूर भाराहून अधिक असल्यानें तो वाढवून मागावा आणि परवानाधारक वायरमनकडून तारेची जाडी व अर्थिंग तपासून घ्यावें. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत्-संहितेंत जुन्या घरासाठीं एक सोपी रीत आहे: गेल्या वर्षभरांतील कमाल मागणी घ्यावी, तींत चौथाई मिळवावी, नवें यंत्र त्यावर धरावें; ही बेरीज जोडणीच्या शक्तीबाहेर जातां कामा नये. ज्यांच्या मीटरवर कमाल मागणीचा आंकडा दिसतो, त्यांनीं तो दरमहा टिपून ठेवल्यास ही रीत येथेंहि उपयोगीं पडेल.

आमचें मत असें कीं, ही गोष्ट एकेकट्याच्या दक्षतेवर सोडूं नये. सहकारी संस्था यंत्रासाठीं कर्ज देतात, तेव्हां अर्जासोबत घरच्या भाराचा एक पानी हिशेब मागावा, आणि यंत्राच्या किमतींतच नव्या तारेची व भारवाढीची रक्कम धरावी. आज यंत्रास कर्ज मिळतें पण तारेस मिळत नाहीं, म्हणून जुन्याच तारेवर नवें यंत्र चढतें. संस्थेसहि यांत तोटा नाहीं. जळालेल्या मोटारीचे हप्ते कोणी आनंदानें फेडीत नाहीं. बी पेरण्यापूर्वीं जमिनीची पाहणी करणाऱ्या शेतकऱ्यानें यंत्र आणण्यापूर्वीं तारेची पाहणी करावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.