गाडी कोठून घ्यावी?

गेल्या रविवारी वंदना आटोपली, मुलांना खीर वाटून झाली आणि आम्ही दारात चपला शोधत होतो, तोच मागच्या गल्लीतील दादांनी आमचा हात धरला. "तुम्ही बी.कॉम. आहात. एक हिशेब बघून द्या," म्हणाले. दादा एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. ३१ वर्षे घाटातून, चिखलातून गाडी काढली आणि एकही अपघात केला नाही. त्याबद्दल झालेल्या सत्काराचा फोटो त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला आहे. अशा माणसाला आमच्यासारख्या कारकुनाकडून कसला हिशेब हवा, असे आम्हाला वाटले. पण प्रकरण फ्रान्सचे निघाले.

दादांची मुलगी शिष्यवृत्तीवर पॅरिसला शिकते. आई-वडिलांनी सप्टेंबरात यावे, दोन दिवस पॅरिस पाहावे आणि मग आठ दिवस गाडी भाड्याने घेऊन दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात फिरावे, असा तिचा बेत. आपल्याकडे भाड्याची गाडी म्हटली की गाडीबरोबर चालक येतो. तिकडे नुसती किल्ली हातात देतात, चालवायची आपण. तिने चार ठिकाणचे दर फोनवर पाठवले होते आणि विचारले होते, "काका, यातले कोणते घेऊ?"

रेल्वेने का जात नाहीत, हा आमचा पहिला प्रश्न. वहिनींनीच उत्तर दिले. त्यांना प्लम व्हिलेज पाहायचे आहे. व्हिएतनामचे भिक्षू थिक न्हात हान्ह यांनी १९८२ साली बोर्दो शहराच्या पूर्वेला खेड्यापाड्यांत हे साधना केंद्र सुरू केले. २०२२ साली ते वारले, केंद्र चालू आहे. त्याच्या वाड्या निरनिराळ्या गावांत विखुरलेल्या आहेत. जवळचे स्टेशन सेंत-फ्वा-ला-ग्रांद, पण तेथून पुढे आपल्या एस.टी.सारखी तासातासाला गाडी नाही. (केंद्र बारा महिने सर्वांना खुले नसते, तेव्हा आधी लिहून विचारल्याशिवाय जाऊ नये.) मुलीला पुढे मोंतिन्याकला लास्कोची गुहा दाखवायची आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने काढलेले घोडे-बैल तिच्या भिंतींवर आहेत. १९४० साली चार पोरांना ती सापडली. माणसांच्या श्वासाने चित्रे बिघडू लागली म्हणून १९६३ साली बंद केली. आता शेजारीच हुबेहूब बांधलेली गुहा २०१६ पासून दाखवतात. हे सगळे जोडायचे तर गाडी हवीच.

आता खरी अडचण. मुलीने फोनवर सहज म्हटले, "अप्पा, तुम्ही आराम करा. माझा एक मित्र येईल, तो गाडी चालवेल." पोरीने मायेनेच म्हटले. पण दादा त्यानंतर दोन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाहीत, असे वहिनींनी आम्हाला हळूच सांगितले. मुलगी स्वतः २४ वर्षांची, परवाना आहे पण हात बसलेला नाही. शिवाय २५ वर्षांखालील चालकाला तिकडे बहुतेक कंपन्या रोजचा जादा आकार लावतात. तेव्हा आम्ही निकाल दिला की गाडी दादाच चालवतील. हा निकाल देण्याचा आम्हाला काय अधिकार होता ते विचारू नका. वहिनी हसल्या, एवढे खरे.

निकाल दिला म्हणजे कागद आले. आपला परवाना तिकडे नुसता चालत नाही. आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो. शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि मूळ परवाना सोबत ठेवायचाच. दुसरा कागद म्हणजे क्रेडिट कार्ड. येथे पुष्कळ जण अडतात. गाडी देताना कंपनी अनामत म्हणून हजार युरो, कधी त्याहूनही जास्त रक्कम कार्डावर अडकवून ठेवते. एका युरोला शंभर रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे लाखाची गोष्ट झाली. आणि हे कार्ड ज्याच्या नावावर गाडी, त्याच चालकाच्या नावाचे लागते. मुलीचे चालत नाही, पुतण्याचे तर नाहीच. दादांकडे फक्त ए.टी.एम. कार्ड. निवृत्तांना बँका क्रेडिट कार्ड द्यायला का कू करतात. पण मुदत ठेव तारण ठेवली तर त्या ठेवीवर कार्ड मिळते, हे आपल्या पुष्कळ बांधवांना ठाऊक नसते. ते व्हिसा किंवा मास्टरकार्डचे घ्यावे. २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच ठेवलेले असतात, ते आपण सांगून चालू करून घ्यावे लागतात. विमान उतरल्यावर ही आठवण झाली तर उपयोग नाही.

दादांची ती ठेव म्हणजे वहिनींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेला पैसा. गाडीला ओरखडा आला आणि अनामत कापली गेली तर कापणार ते यातूनच. म्हणून आम्ही ती चार दरपत्रके जरा जास्तच बारकाईने वाचली.

पहिले पॅरिसच्या विमानतळाचे. रोजचा दर सर्वांत कमी. गाड्या भरपूर, कचेरी सकाळपासून रात्रीपर्यंत उघडी. दुसरे पॅरिस शहरातले. तिसरे बोर्दोच्या रेल्वे स्टेशनातले. चौथे लिबूर्न नावाच्या लहान गावातले, बोर्दोच्या पूर्वेला ३० किलोमीटरच्या आसपास. विमानतळावर आणि मोठ्या स्टेशनात घेतलेल्या गाडीवर जागेचा वेगळा आकार बसतो. तो कधी दरात मिळवलेला असतो, कधी तळाशी बारीक अक्षरात असतो. आम्ही तळापासून वर वाचतो, ही कचेरीतली सवय.

पॅरिस शहरातले दरपत्रक आम्ही लगेच बाजूला ठेवले. २०२१ पासून तेथील बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे, गाडी उभी करायला पैसे, आणि शहर पाहायला मेट्रो आहे. दोन दिवस गाडी नुसती उभी ठेवून भाडे भरायचे म्हणजे बैलाला गोठ्यात बांधून नांगरटीचे पैसे देण्यासारखे आहे. विमानतळाचेही तेच.

पण हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर विमानतळ तितका वाईट नव्हता. दोन दिवसांनी पुन्हा तेथे जाऊन गाडी घेता आली असती. पॅरिस ते बोर्दो ५८० किलोमीटरच्या आसपास. मोठ्या रस्त्याचा टोल एका बाजूने ५० युरोंच्या वर, पेट्रोल लिटरला दीड युरोच्या वर. उलट रेल्वेने माणशी तिकीट, आणि माणसे तीन. तिकिटे फार आधी काढली तर स्वस्त, उशीर केला तर दुप्पट. तिघांचे जाणे-येणे धरले की रेल्वे थोडी महागच पडत होती. मात्र २०१७ पासून मोंपार्नास स्टेशनातून सुटणारी जलद गाडी दोन तास चार मिनिटांत बोर्दोला पोचवते. गाडीने तोच रस्ता सहा तासांचा, म्हणजे आठातले दोन दिवस वाटेतच गेले. आम्ही वहीत बोर्दो स्टेशनाखाली दोन रेघा मारल्या. लिबूर्नचा दर बोर्दोपेक्षा जास्त, वर आणखी एक लहान रेल्वे बदलायची. हिशेबाने ते बादच होते.

वही दादांकडे नेली. त्यांनी आकड्यांकडे पाहिलेही नाही. विचारले, "स्टेशनातून गाडी बाहेर काढली की पहिला तास रस्ता कसला?"

आमच्या वहीत हा रकानाच नव्हता. मुलीला फोन लावला. तिने सांगितले, स्टेशन भर शहरात. ट्रॅम, सायकली, एकेरी रस्ते, मग नदीवरचा पूल, मग शहराभोवतीचा मोठा रस्ता, आणि त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग.

दादा म्हणाले, "नव्या रूटवर चालक दिला तर पहिल्या दिवशी त्याला गर्दीची फेरी देऊ नये. तिकडे उजव्या हाताने चालायचे. स्टिअरिंग डाव्या बाजूला, गिअर उजव्या हाताला. पाय तेच राहतील, हात बदलतील. गाडी हाताला बसेपर्यंत रस्ता रिकामा पाहिजे. एकदा बसली की शहरात घालू, घाटात घालू." मग जरा थांबून म्हणाले, "ओरखडा येतो तो पहिल्या तासात, नाही तर शेवटच्या."

लिबूर्नहून निघाले की द्राक्षमळ्यांतून कास्तियों, तेथून नदीच्या खोऱ्याने सेंत-फ्वा आणि बेर्जराक. साधा दुपदरी रस्ता, टोल नाही. म्हणजे पहिलाच तास वहिनींच्या मुक्कामाकडे नेणारा. लिबूर्नसाठी किती जादा पडत होते ते आम्ही पुन्हा मोजले. जादा रक्कम एका ओरखड्याच्या कापणीपुढे किरकोळ होती. आम्ही बोर्दोखालच्या रेघा खोडल्या. पंचवीस वर्षांच्या नोकरीत खोडलेला आकडा आम्ही आनंदाने सही करून खोडला, असे प्रसंग फार नाहीत.

लहान गावाची एक मेख आहे. तेथील कचेऱ्या दुपारी जेवायला दोन-दोन तास बंद असतात. शनिवारी दुपारनंतर उघड्या मिळतील याचा भरवसा नाही आणि रविवारी बहुधा कुलूप. मुलीने रेल्वेची तिकिटे रविवारची पाहून ठेवली होती. काढली नव्हती, हे नशीब. आता मंगळवारी सकाळची गाडी धरायची, अकराच्या आत लिबूर्नला पोचायचे. परत देण्याचा दिवसही आठवड्यातलाच, आणि दुपारच्या जेवणाआधी. बंद कचेरीपुढे गाडी लावून किल्ली पेटीत टाकून जाण्याची सोय काही ठिकाणी असते, पण मग कंपनीचा माणूस गाडी तपासेपर्यंत जबाबदारी आपलीच राहते. शेवटचा तास म्हणतात तो हाच. माणसासमोर गाडी दाखवून, सही घेऊन मोकळे व्हावे. गोव्यात एकदा आम्ही असे न करता किल्ली पानवाल्याकडे ठेवून बसने निघून आलो होतो. जुन्या पोच्याचे पैसे आमच्याकडून वसूल झाले. तेव्हापासून आम्ही घेताना आणि देताना चारही बाजूंचे फोटो काढतो, चाकांचेसुद्धा.

एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडायची तर वेगळा आकार लागतो, म्हणून लिबूर्नलाच परत द्यायची. मोठ्या कंपन्या परवडत नाहीत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की फ्रान्समध्ये लक्लेर, सुपर यू असे मोठे किराणा बाजार आहेत, त्यांच्या आवारातही गाड्या भाड्याने मिळतात आणि दर बरेचदा कमी असतो. मात्र गाडी त्याच दुकानात परत द्यावी लागते, आणि दिवसाला किती किलोमीटर फुकट हे विचारून घ्यावे. मुलगी तेथेही विचारणार आहे.

आल्प्स पर्वताकडे जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा. त्यांना जिनेव्हाचे विमानतळ जवळ. ते स्वित्झर्लंडमध्ये, पण त्याला फ्रान्सची एक वेगळी बाजू आहे. दोन्ही बाजूंना गाड्या मिळतात, दरात फरक असतो. ज्या बाजूला घेतली त्याच बाजूला परत द्यावी लागते. बाजू चुकली तर दुसऱ्या देशात गाडी सोडल्याचा भुर्दंड. आमच्या दादांना त्याची गरज नाही. कोणाचा मुलगा-मुलगी तिकडे असेल म्हणून लिहून ठेवले.

परवा संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे ठेवीची पावती पाहायला गेलो, तर दादा स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले. समोर ताट धरलेले आणि उजव्या बाजूला पाट्याच्या फटीत लाटणे उभे खोवलेले. पहिला, दुसरा, तिसरा, असे गिअर टाकत होते. वहिनी पोळ्यांसाठी लाटणे मागत होत्या, दादा देत नव्हते. आम्ही खूण नसलेल्या चौकाचा तिकडचा नियम सांगितला, की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. डिझेलला पंपावर गाझोल म्हणतात, हेही सांगितले. त्यांनी ते पाठीमागच्या दिनदर्शिकेवर लिहून घेतले.

मुलीला रात्री फोन झाला. मित्राला नको म्हणून कळवले आहे. सोमवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून दादांबरोबर आर.टी.ओ.त जात आहोत, आणि तेथून बँकेत.