वर्गणी द्या, पण लेबल वाचून



परवा कुर्डुवाडीच्या आठवडी बाजारात एका ओळखीच्या शेतकऱ्यानं मला गाठलं. म्हणाले, "साहेब, गाय काढायची म्हणतो. गिऱ्हाईक असलं तर सांगा." दुसऱ्या वेताची गाय, रोजचं दहा लिटर दूध. मी विचारलं, चारा संपला का? तर म्हणाले, "चारा हाय. पोरगी नववीत हाय. मे महिन्यात पुण्याला पंधरा दिवसांचं विज्ञान शिबिर हाय, तिची निवड झालीया. फी सत्तर हजार."

पोरगीही गप्प बसलेली नव्हती. शंभर पानी वही घेऊन ती दारोदार वर्गणी मागत होती. कुणी शंभर दिले, कुणी पन्नास. कुणी "पोरीच्या जातीला एवढं कशाला?" म्हणून वाटेला लावलं. तिनं प्रत्येकाचं नाव आणि रक्कम वहीत लिहून ठेवली होती.

आता सांगा, पोरीचं काही चुकलं का? माझ्या मते मुळीच नाही. शिकण्यासाठी मागणं म्हणजे भीक नव्हे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांच्यापाशी पैसे नव्हते. तेही लोकांच्या दारात गेले. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर सात हजारांना गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण मला त्यापुढची गोष्ट मोठी वाटते. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. घेणारा असा असावा आणि देणाराही असा असावा.

पण बंधूंनो, खाशाबा कुठं चाललेत हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक असतं का? सोयाबीनची पिशवी घेताना आपण लेबल बघतो, लॉट नंबर बघतो, पावती जपून ठेवतो. तरी भरवसा नको म्हणून शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो. पिशवी चकचकीत आहे म्हणून बी उगवत नाही. मग सत्तर हजारांचं शिबिर नुसतं रंगीत कागद बघून कसं घ्यायचं?

म्हणून वर्गणीची वही उघडण्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, निवड कशावरून झाली? परीक्षा होती, की अर्ज भरला तो निवडला? दुसरी, शिकवणार कोण, आणि मागच्या वर्षी गेलेल्या दोन मुलांच्या पालकांशी बोलता येईल का? तिसरी, जाणं रद्द झालं तर पैसे परत मिळतील का, आणि तसं लेखी देणार का?

आम्ही त्या बाजारातूनच फोन लावला. पहिल्याच प्रश्नाला उत्तर आलं, "अर्ज करणाऱ्या सगळ्यांची निवड होते. जागा राखायची तर आजच दहा हजार भरा." पोरीच्या बापानं फोन ठेवला. गाय दावणीला राहिली.

इथवर बरं झालं. पण पुढचं सांगताना मला लाज वाटते. इस्रोनं २०१९ साली 'युविका' नावाचा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. तो नववीच्याच मुलांसाठी आहे. राहणं, जेवण, प्रवास सगळं इस्रो करते आणि खेड्यातल्या शाळेच्या मुलांना निवडीत जादा गुण मिळतात. पोरीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी माहिती काढली तेव्हा अर्जाची मुदत उलटून गेली होती. पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल, म्हणजे ती वाट तिला कायमची बंद. तुरीवर घाटेअळी आली की मी चावडीवर चिठ्ठी लावतो. ही चिठ्ठी मात्र मी लावली नाही, गुरुजींनी नाही, ग्रामपंचायतीनंही नाही. सत्तर हजारांचा कागद तेवढा तिच्या घरापर्यंत पोचला.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. डिसेंबरपासून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अशा फुकट योजनांच्या तारखा लिहा. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत मुलाची कल्पना निवडली गेली तर नमुना करायला दहा हजार रुपये मिळतात. त्यासाठी शाळेनं नाव पाठवावं लागतं. आपल्या शाळेनं यंदा पाठवलं का, हे ग्रामसभेत विचारा.

आणि खरोखर चांगल्या ठिकाणी पोर निघालं, पैसे कमी पडले, तर गावानं हात आखडता घेऊ नये. फक्त व्यवहार उघड्यावर करा. प्रत्येकाला पावती द्या. जमा-खर्च फळ्यावर मांडा. फी मधल्या माणसाच्या हातात रोख न देता थेट संस्थेच्या खात्यावर भरा. सावकाराकडं जाऊ नका, दुभतं जनावर विकू नका. ते विकलं तर पुढच्या वर्षीची वह्या-पुस्तकंही गेलीच समजा. पोरानंही घाम गाळावा. हुरड्याच्या दिवसात हुरडा विकावा, चिंचा फोडाव्यात, पिशवीत शेवग्याची रोपं करून विकावीत. थोडीच रक्कम जमेल, पण स्वतःच्या कमाईचं शिबिर पोरगं झोपून काढणार नाही. परत आल्यावर काय शिकलं ते शाळेतल्या बाकीच्या पोरांना शिकवावं. गावाची फेड ती.

त्या पोरीनं काय केलं? वही घेऊन पुन्हा दारोदार गेली आणि ज्याचे त्याचे पैसे परत केले. एका म्हातारीनं शंभराची नोट घेतली नाही. म्हणाली, "ठेव गं तुझ्यापाशी. चांगलं ठिकाण घावलं की तवा लागतील."

ते चांगलं ठिकाण शोधायचं काम आता तुमचं आणि माझं आहे.