अर्जाचें पान

दिवाळीच्या सुटीनंतरच्या एका रविवारीं आमचा भाचा दोन कागद घेऊन आला, ते आमच्या टेबलावर ठेवले, व खिडकीबाहेर पाहत उभा राहिला. मुलगा पुण्यास संख्याशास्त्र घेऊन एम्. एस्सी.च्या शेवटच्या वर्षांत आहे. त्याचे वडील येत्या मार्चअखेर सेवानिवृत्त होतात. जुलैपासून त्यानें ४३ ठिकाणीं अर्ज धाडले. उत्तर आलें एकाच ठिकाणाहून, आणि तेथील मुलाखतींत जें घडलें तें त्यानें आईलाही सांगितलें नव्हतें. पायथॉन भाषेंत केलेल्या एका प्रकल्पाचा उल्लेख अर्जांत होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनीं त्यांतील दुसऱ्याच पायरीविषयीं एक साधा प्रश्न विचारला, आणि चिरंजीव गप्प! प्रकल्प चौघांचा होता; पायथॉनचा भाग त्यांतील दुसऱ्याच एकानें केला होता.

आमच्या पिढींत ज्या कागदास बायोडाटा म्हणत, त्यास हल्लींचीं मुलें सीव्ही अगर रेझ्यूमे म्हणतात. त्यांतील पहिल्या नांवामागच्या लॅटिन शब्दांचा अर्थ 'आयुष्याचा क्रम' एवढाच आहे. भाच्याच्या कागदांत मात्र आयुष्य कोठें दिसेना. आरंभीं फोटो, मग वडिलांचें संपूर्ण नांव, जन्मतारीख, धर्म, 'अविवाहित' अशी नोंद, आधारचे बाराही अंक, आणि तळाशीं 'वरील सर्व मजकूर खरा आहे' असें प्रतिज्ञापूर्वक निवेदन. गोत्र व नक्षत्र तेवढें घातलें असतें म्हणजे तोच कागद वधूवरसूचक मंडळासही चालला असता. हा नमुना एका वरच्या वर्गांतील मुलाकडून आलेला. त्या मुलानें तो आणखी कोणाकडून घेतला असेल तें देव जाणे.

आम्हीं त्यास लिओनार्दो दा विंचीची गोष्ट सांगितली. इ. स. १४८२ च्या सुमारास, वयाच्या तिशींत, त्यानें मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा यास नोकरीसाठीं लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यांत उचलून नेतां येण्याजोगे हलके पूल, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढून टाकण्याची युक्ति, तोफा, आच्छादित गाडे, अशीं कलमें एकामागून एक येतात. चित्रकला येते ती जवळजवळ शेवटीं! लुडोव्हिकोस लढाईचीं साधनें हवीं होतीं हें लिहिणाऱ्यानें ओळखलें होतें. वाचणाऱ्याची गरज आधीं व आपली आवड मागाहून, हा क्रम त्या पत्रांत उघड दिसतो.

भाचा हुशार आहे. तो लगेच म्हणाला, "पण मामा, हे गाडे त्यानं तोंवर कुठं बनवले होते? मग त्यानंही थापाच मारल्या म्हणायच्या!" शंका रास्त होती. परंतु त्या पत्राचा शेवट विसरून चालणार नाहीं. यांतील कांहीं कोणास अशक्य वाटत असेल तर आपल्या बागेंत अगर आपण म्हणाल तेथें तें करून दाखवितों, असें लिओनार्दोनें शेवटीं लिहिलें आहे. "तुझ्या कागदावरची कोणती ओळ तूं बागेंत करून दाखवशील?" असें आम्हीं विचारलें. त्यानें पेन्सिल घेतली, व पायथॉनची ओळ स्वतःच खोडली. नंतर 'नेतृत्वगुण' व 'कष्टाळू स्वभाव' हेही शब्द गेले. पान बरेंच मोकळें झालें, आणि मुलाचा चेहरा पडला.

इतक्यांत आमची बहीण स्वयंपाकघरांतून म्हणाली, "दादा, तो टँकरचा हिशेब लिहिलाय का रे त्यानं?"

हा हिशेब आम्हांस ठाऊक नव्हता. त्यांच्या सोसायटींत ६४ बिऱ्हाडें आहेत, आणि उन्हाळ्यांत पाणी टँकरनें येतें. १४ महिने या मुलानें प्रत्येक खेपेची तारीख, वेळ व रक्कम संगणकावरील तक्त्यांत नोंदविली, व ९ खेपांचे पैसे दुबार लावले गेल्याचें कमिटीस दाखवून दिलें. पैसे परत मिळाले. "तें काय काम झालं का, मामा?" असें तो म्हणतो! जो विद्यार्थी आंकड्यांतून चूक हुडकतो, त्याच्याच शोधांत आंकड्यांचीं कामें देणाऱ्या कंपन्या असतात. ती ओळ आम्हीं वर, शिक्षणाच्या लगेच खालीं, घेतली. ६४, १४ व ९ हे तिन्ही आंकडे ठेवून. घरोघरचीं मुलें शिकवणी घेतात, वडिलांचें दुकान सांभाळतात, आजीच्या इस्पितळाच्या बिलांसाठीं विमा कंपनीशीं पत्रव्यवहार करतात, आणि अर्जांत लिहितात काय, तर 'छंद : वाचन व संगीत'.

बाकीची दुरुस्ती फार वेळ घेणारी नव्हती. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदां अर्ज प्रथम संगणकाच्या हातीं पडतो, व तो त्यांतील मजकूर ठराविक रकान्यांत वेगळा काढतो. दोन स्तंभांची मांडणी, चौकटी व चित्रांतलीं अक्षरें यांनीं त्याचा घोंटाळा होतो. म्हणून साधें, एका स्तंभाचें एकच पान केलें. गुण गुणपत्रिकेवर आहेत तसेच, '१० पैकीं ७.८' असे, घातले. टक्के करणें झाल्यास विद्यापीठानें दिलेल्या सूत्रानेंच करावे. आधारचा क्रमांक, धर्म व घरचा संपूर्ण पत्ता काढला. गांव, दूरध्वनि व ईमेल पुरे. ईमेलही नवें घेतलें, कारण जुन्यांत एका क्रिकेटपटूचें नांव व 'किंग' हा शब्द होता. जाहिरातींतील शब्द, जेथें ते आपल्यास खरोखर लागू पडतात तेथेंच, वापरावे. कांहीं मुलें ते पांढऱ्या शाईंत लपवून घालतात असें ऐकतों; त्यास आम्ही लबाडी म्हणूं.

ज्यांच्यापाशीं टँकरसारखें कांहींच नसेल त्यांनीं १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालील उमेदवारी पाहावी. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती अभियांत्रिकीखेरीज इतर पदवीधरांसही खुली झाली आहे, व तींत विद्यावेतन मिळतें.

पायथॉनचें काय झालें, असें वाचक विचारतील. भाच्यानें सहा आठवडे रोज सकाळीं बसून टँकरच्याच नोंदींवर स्वतः एक लहानसा प्रकल्प केला, आणि खोडलेली ओळ निराळ्या शब्दांत परत आली. नव्या पानाच्या सात प्रती सात ठिकाणीं गेल्या. प्रत्येकींत जाहिरातीप्रमाणें थोडा फरक. दोन ठिकाणांहून बोलावणें आलें आहे, पैकीं एक येत्या गुरुवारीं. बहीण मात्र अद्याप थोडी नाराज आहे. "तो फोटो राहूं द्यायचा होता, दादा," असें ती कालच म्हणाली, "किती चांगला आला होता."