पाणी पाहायला अरबस्तानात

नोव्हेंबर लागला की मस्कतमधल्या मराठी घरांत पाहुण्यांचा मोसम सुरू होतो. आई-वडील येतात, सासू-सासरे येतात, कुणाचे मावशी-काका येतात. त्यांना फिरवायचा आपला साचा ठरलेला आहे. पहिल्या दिवशी सुलतान काबूस मशीद, दुसऱ्या दिवशी मत्राहचा बाजार आणि समुद्र, मग मॉल, मग दुसरा मॉल. चौथ्या दिवशी पाहुणे हळूच विचारतात, ‘‘इथून दुबई किती लांब आहे हो?’’ त्यांचं काही चुकत नाही. वाळू, उंट, काचेच्या इमारती आणि सोनं एवढंच अरबस्तानाचं चित्र घेऊन ते घरून निघालेले असतात आणि इथं आल्यावर आपण त्याला नवा रंग लावायची तसदी घेत नाही.

यंदा एक सूचना करावीशी वाटते. नगर जिल्ह्यातून पाहुणे येणार असतील तर त्यांना ओमानचं पाणी दाखवा. (जिल्हा आता कागदोपत्री अहिल्यानगर झाला आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी ‘नगर’च येणार, ते चालवून घ्यावं.) पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या माणसाला पाण्याची जी नजर असते ती पुण्या-मुंबईच्या माणसाला नसते. त्यानं टँकरभोवतीची हंड्यांची गर्दी पाहिलेली असते, आवर्तन सुटल्यावर रात्री-अपरात्री कंदील घेऊन दारं धरलेली असतात, ‘टेल’च्या शेतकऱ्याचं भांडण ऐकलेलं असतं. असा माणूस निझवाच्या फलजपाशी उभा राहिला की अर्धा तास हलत नाही.

फलज म्हणजे इथला पाट, पण त्याचा उगम धरणात नाही, डोंगराच्या पोटात आहे. पायथ्याशी भूजल लागेपर्यंत खोल विहीर खणायची आणि तिच्या तळापासून गावाकडं अगदी अलगद उताराचा बोगदा काढायचा. बोगद्यातला गाळ उपसायला आणि हवा खेळायला ठरावीक अंतरावर उभी विवरं ठेवायची. काही किलोमीटर गेल्यावर पाणी आपसूक उजेडात येतं. मोटर नाही, वीज नाही, की पाणी उचलण्याची खटपट नाही. या प्रकाराला दाऊदी म्हणतात. झऱ्यावरची ती ऐनी आणि वाडीच्या, म्हणजे डोंगरी ओढ्याच्या, वाहत्या पाण्यावरची ती घैली. ओमानमध्ये आजही सुमारे ३,००० फलज वाहतात. त्यांतल्या पाचांना युनेस्कोनं २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली: निझवाची दारिस, बिरकत अल् मौझची खतमीन, इझकीची मलकी, रुस्ताकची मुयस्सर आणि सूरकडची जीला. यांतल्या पहिल्या तिन्ही मस्कतहून एका दिवसात पाहून परत येता येतं. निझवा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे आणि रस्ता तर असा की नगर-मनमाड रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं.

खरी बघण्याची गोष्ट पुढंच आहे. गावात शिरल्यावर फलजचं पहिलं पाणी पिण्यासाठी. त्याच्या खाली मशिदीतल्या वजूसाठी, त्याच्या खाली अंघोळीसाठी आणि मग खजुराच्या बागांसाठी. खजुराची तहान भागली की उरलेलं पाणी हंगामी पिकाला. म्हणजे साल कोरडं गेलं तर आधी हंगामी पीक सोडायचं आणि झाडं जगवायची, हा निर्णय पाटाच्या रचनेतच करून ठेवलेला आहे. शेतीतलं पाणी वाटलं जातं ते वेळेवर. साधारण अर्ध्या तासाचा एक ‘अथर’, आणि कुणाचे किती अथर हे वडिलोपार्जित. दिवसा उभ्या काठीची सावली मोजून आणि रात्री ठरावीक तारे डोंगरामागून उगवताना पाहून पाळी बदलायची. आता मनगटावर घड्याळ आहे, तरी काही गावांत ती काठी अजून उभी दिसते. फलजचा कारभार पाहणाऱ्याला वकील म्हणतात. फलजच्या मालकीचाही काही हिस्सा असतो. तो लिलावानं देतात आणि त्या पैशातून दुरुस्ती होते. आमच्याकडं पाटकऱ्याला चहा पाजून पाळी पुढं-मागं करून घेण्याची जी कला आहे, तिला इथं वाव किती असेल, हा प्रश्न नगरच्या पाहुण्याला पडतोच. वाव असणारच, माणसं इथंही आहेत. पण वाटपाचा हिशेब सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत चालतो, हा मोठा फरक. बिरकत अल् मौझला खतमीन फलजचं पाणी तीन सारख्या वाट्यांत फुटतं. तिथं जरूर थांबा.

हे पाहताना नगरचा माणूस स्वतःच्या शहराकडं वळतो, वळायला हवा. मलिक अहमदनं १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि १४९४ मध्ये भिंगारजवळ सीनेच्या काठी नगर वसवायला घेतलं. शहराची तुलना त्या काळी कैरो-बगदादशी होत असे म्हणतात. सीना काही बारमाही नदी नव्हे आणि मुलूख पर्जन्यछायेतला. मग एवढ्या शहराला, महालांना, फराहबागेभोवतीच्या तलावाला पाणी आणलं कुठून? कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून, जमिनीखालून, भाजलेल्या मातीच्या नळांतून, निव्वळ उतारावर. तेच खापरी नळ. १८८४ च्या इंग्रजी गॅझेटियरात त्यांची दखल आहे. आपल्यातल्या कित्येक नगरकरांनी रणगाडा संग्रहालय पाहिलं आहे, भुईकोट किल्ल्यात नेहरूंची खोली पाहिली आहे, ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून जी खरी सलाबतखानाची कबर, तिच्यापर्यंतही गाडी नेली आहे. खापरी नळ मात्र पाहिलेला नसतो.

आमचं एक निरीक्षण आहे, पटतं का पाहा. तंत्र दोन्हीकडं थोर होतं. पण खापरी नळ दरबारानं बांधले आणि दरबार गेल्यावर ते हळूहळू बेवारस झाले. इंग्रजी अमलात नगरपालिकेनं त्यांतले काही चालवले, पुढं मुळा धरणाचं पाणी आलं आणि ते विस्मरणात गेले. फलज मात्र हिस्सेदारांची होती. ज्याचे चार अथर आहेत त्याला बोगद्यात गाळ साचलेला परवडत नाही. नगर जिल्ह्यात हे शहाणपण अलीकडं पुन्हा दिसलं ते हिवरे बाजारला. जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं गाव. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात तिथं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत पडली. पाणी किती आहे ते मोजायचं, मग पिकं ठरवायची. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. मस्कतला वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हिवरे बाजारचा माणूस निझवाच्या वकिलाशी बोलायला बसला तर दुभाषा जरा वेळच लागेल.

संबंध फक्त पाण्याचाच नाही. निजामशाहीचं बंदर चौल आणि चौलच्या समोर समुद्रापलीकडं हाच किनारा. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन होर्मुझहून मस्कत करत चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला पोचला. विकण्यासाठी त्याच्यासोबत एक घोडा होता. जुन्नरच्या खानानं तो काढून घेतला, ही गोष्ट त्यानंच लिहून ठेवली आहे. नगर वसवण्याआधी मलिक अहमदचं ठाणंही जुन्नरलाच होतं. दख्खनच्या फौजांना घोडे हवेत आणि ते समुद्रमार्गे आखातातून येणार, हा व्यवहार शतकानुशतकं चालला. मलिक अंबरची कहाणी तर सर्वांत विलक्षण. हबसाणात जन्म, गुलाम म्हणून येमेनच्या मोखा बंदरात आणि बगदादमध्ये विक्री, बगदादेत शिक्षण, मग नगरला निजामशाही दरबारातल्या चंगीझखानाच्या घरी. तोच पुढं निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला शहाजीराजांसह मोगल-आदिलशाही फौजेला भारी पडला आणि त्यानंच वसवलेल्या खडकीला नहरीचं पाणी दिलं. अरब शहरांत घडलेला माणूस आपल्या मातीत पाटबंधारे करून गेला. या मुलखात फिरताना हे मनात असलं तर आपण परक्या देशात आलो आहोत असं वाटत नाही. आणखी एक गंमत वडीलधाऱ्यांना सांगा: १९७० पर्यंत मस्कतमध्ये रुपया चालत होता. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटाच काढत असे.

निझवाला जायचं तर शुक्रवारी सकाळी जा, आणि सातच्या आत पोचा. किल्ल्याजवळ बकऱ्यांचा बाजार भरतो. घेणारे गोल करून बसतात-उभे राहतात आणि विकणारे बकऱ्यांना दोरीनं धरून त्या गोलात भाव ओरडत फिरतात. कुणी हात करून थांबवतं, दात पाहतं, पाठ चाचपतं, मान हलवून सोडून देतं. घोडेगावच्या बाजारात जनावर घेतलेल्या माणसाला अरबीचं एक अक्षर न कळता इथं काय चाललंय ते सगळं कळतं. बाजार उठला की कहवा, खजूर आणि ओमानी हलवा. कप पुरे झाला की तो हातात किंचित हलवून परत द्यायचा, नाहीतर यजमान ओतत राहतो.

तिथून वर जबल अखदर. फोर-व्हील गाडी नसेल तर पोलिस नाक्यावरून परत पाठवतात, तेव्हा ती व्यवस्था आधीच करा. उतारांवर पायऱ्या पाडून केलेली शेती, तिच्यात गुलाब, जर्दाळू, अक्रोड आणि डाळिंब. राहाता-संगमनेरच्या डाळिंब बागायतदाराला इथं आणलं की त्याला आवरणं कठीण. तो फांदी वाकवून पाहणार, तेल्या पडतो का विचारणार. गुलाब मार्च-एप्रिलमध्ये, डाळिंबं ऑगस्टपासून पुढं.

डोंगरांबद्दल थोडंच सांगतो, ते बघण्याचे आहेत. कळसूबाई १,६४६ मीटर, जबल शम्स सुमारे ३,००० मीटर. कोकणकड्याच्या काठावर पोटावर झोपून खाली पाहिलेल्यांनी जबल शम्सवरून वाडी घूलची दरी पाहावी. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, काळा आणि हिरवळीनं झाकलेला. इथला खडक बहुतांशी समुद्राच्या तळाचा. चुनखडकाचे थर तर आहेतच, पण समाईलच्या आसपास समुद्राखालचं भूकवचच वर उचलून जमिनीवर आलं आहे. झाडोरा नसल्यामुळं सगळं उघडं दिसतं. भूगर्भशास्त्रज्ञ जगभरातून इथं येतात ते यासाठीच.

आणि ज्यांचे पाहुणे उन्हाळ्यातच येऊ शकतात त्यांनी मस्कतमध्ये त्यांना भाजून काढण्यापेक्षा सलालाला न्यावं. जूनअखेर ते सप्टेंबर तिथं खरीफ असतो. भंडारदऱ्याला झोडपणारं नैर्ऋत्य मोसमी वारंच धोफारच्या डोंगरांवर धुकं आणि रिमझिम घेऊन येतं. नारळ, केळी, हिरवे उतार, कड्यांवर चरणारे उंट. डोंगरांपलीकडच्या कोरड्या बाजूला लोबानाची झाडं आहेत. आपल्या डोंगरांतल्या सालईचं ते सख्खं भावंड.

सगळं गोडगोड सांगून उपयोग नाही. बऱ्याच फलज आटल्या आहेत आणि बागांत राबणारे हात आता पुष्कळदा बांगलादेशी किंवा आपल्याच देशातले असतात. ओमाननं अरबी ओरिक्ससाठी राखलेलं अभयारण्य तेलाच्या शोधापायी नव्वद टक्क्यांनी कमी केलं आणि २००७ मध्ये युनेस्कोनं ते यादीतून काढून टाकलं. यादीतून वगळलं गेलेलं ते जगातलं पहिलं ठिकाण. पण नाकं मुरडण्याआधी आठवावं की सोलापूर-नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी १९७९ मध्ये जाहीर झालेलं साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्यही पुढं असंच आकसलं, आणि कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर आज माळढोक दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता येणार नाही. रेहेकुरीचे काळवीट तेवढे टिकले.

आपल्या मंडळींबद्दलही एक बोलायचं आहे. वाडीत सहलीला गेल्यावर मोठ्यानं गाणी लावणं, भेळेचे कागद तिथंच टाकणं आणि फलजच्या पहिल्या टप्प्यात पाय सोडून बसणं, हे प्रकार आपल्याकडून होतात. तो पहिला टप्पा गावाचं पिण्याचं पाणी आहे. गावातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, गुडघे-खांदे झाकलेले असावेत. आणि डोंगरावर आभाळ भरलेलं दिसलं की वाडीत उतरू नये. खाली ऊन असतानाही लोंढा येतो आणि दरवर्षी त्यात गाड्या वाहून जातात.

तेव्हा या मोसमात पाहुण्यांच्या वेळापत्रकातला एक मॉल कमी करा आणि दोन दिवस निझवाला द्या. ज्यांनी प्रवरेच्या किंवा मुळेच्या पाटावर स्वतः दारं धरली आहेत अशा वडीलधाऱ्यांनी फलज पाहून काय म्हटलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून आमच्याकडं पाठवा. लिहिण्याचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून पाठवा, उतरवून घ्यायचं काम आमचं. फेब्रुवारीच्या अंकातली चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

– संपादक